दोघांच्या खेळांचे चार प्रकार

परळच्या चाळीत राहणारा माझा मित्र आणि ठाकूरद्वारच्या वाडीत वाढलेला मी, दोघेही गिरगावातल्या एका शाळेत गणित शिकवायचो. ग्रंथालयात त्याला एक जाडजूड अमेरिकन पुस्तक सापडलं होतं, खेळांच्या गणितावरचं. खेळ म्हणजे पत्ते किंवा कॅरम नव्हे. दोन माणसं, आणि प्रत्येकापुढे दोनच वाटा: साथ द्यायची की दगा. कोण काय करतो त्यावर दोघांचं बरंवाईट ठरणार.

शाळा सुटली की रिकाम्या वर्गात आम्ही असे खेळ फळ्यावर मांडायचो. तक्त्यांमागून तक्ते झाले, पण कुठला खेळ कुठल्या प्रकारात घालावा ते कळेना. एक दिवस तो म्हणाला, "अरे, दोनच प्रश्न विचार. समोरचा साथ देतोय हे माहीत असताना दगा द्यायचा मोह होतो का? आणि समोरचा दगा देईल असं वाटलं, तर एकट्यानं साथ द्यायची भीती वाटते का?"

दोन प्रश्न, हो किंवा नाही, म्हणून चार प्रकार. मोह नाही आणि भीतीही नाही, तिथं काही अडतच नाही. दोन्ही असली की दोघंही बुडतात. आमचं भांडण चालायचं ते भीती आहे पण मोह नाही, या प्रकारावरून. तिथं नुसता विश्वास पुरतो, असं तो म्हणायचा. मी विचारायचो, "विश्वास तक्त्यात कुठं लिहिणार?" तो हसायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते ते. एका हरताळाला मोर्चा शाळेवरून चालला होता. फाटक आतून बंद, आणि मॅट्रिकची मुलं त्याला धडका देत घोषणा देत होती. आम्ही दोघांनी मिळून कडी काढली. मुलं बाहेर पडली, आणि पुढं नाक्यावर लाठीमार झाला. एका मुलाचा हात मोडला.

संस्थेनं चौकशी लावली. फाटकाशी आम्ही होतो एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कडी कोणी काढली ते मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

जिन्यावर त्यानं मला थांबवलं. "दोघांनीही काही सांगायचं नाही. फार तर समज देतील."

"आणि एकानं सांगितलं तर?"

"तो सुटेल, दुसरा जाईल. पण सांगणार कोण?"

मला तेव्हाच भीती वाटत होती. ते न सांगता मी जिना चढू लागलो.

मुख्याध्यापकांच्या खोलीत तो आधी गेला आणि त्याला पलीकडच्या दारानं बाहेर पाठवलं. मग मला बोलावलं. "त्यांनी सगळं सांगितलंय," मुख्याध्यापक म्हणाले. "कडी तुम्ही काढलीत म्हणतात. मला पटत नाही. तुमच्या वडिलांना मी ओळखतो. असलं खूळ कुणाच्या डोक्यात असतं ते कळतं मला. आधीच त्यांचं ते धर्मांतर…" वाक्य तसंच सोडून त्यांनी कागद पुढं सरकवला.

तो असं सांगणार नाही हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी कागद जवळ ओढला. नोकरी गेल्यावर वडिलांपुढं कसा उभा राहू, एवढंच डोक्यात होतं. 'कडी त्यांनी काढली', मी लिहिलं आणि सही केली.

तो आत एक शब्दही बोलला नव्हता.

आठवड्याच्या आत त्याला काढून टाकलं. मी पुन्हा मुख्याध्यापकांकडे गेलो, कडी दोघांनी काढली असं लिहून दिलं. "मित्रासाठी आता खोटं बोलू नका," म्हणत त्यांनी कागद फाडला. मग संस्थेच्या सभासदांची घरं धरली. रोज एक दार. एकानं तर मी चपला काढायच्या आतच सांगितलं, "ते प्रकरण मिटलं."

तो मला एकदाच भेटला, दादरला, फुलबाजारापाशी. मी सांगू लागलो तर त्यानं मधेच विचारलं, "मोह की भीती?"

"भीती."

"मग जिन्यावर बोलायचंस ना रे. एकत्रच आत गेलो असतो." एवढं बोलून तो गर्दीत निघून गेला. त्याच महिन्यात तो औरंगाबादकडच्या एका शाळेत लागला. माझ्या पत्रांना उत्तर आलं नाही.

शेवटी परळला त्याच्या घरी गेलो. आई एकटीच होती. पूर्वीसारखंच तिनं मला आत बसवलं, चहा टाकला. बशीत ओतलेला चहा माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "मास्तर, त्याचं नाव कुनी घेतलं वो? मला तर काय सांगत न्हाई. इचारलं की नुसता गप ऱ्हातो. तुमी त्याचं दोस्त. तुमी तरी साहेबांना इचारा की."

कपाळ जमिनीला टेकवून सगळं सांगून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलं, आणि आवाज आला तो एवढाच: "विचारतो."

पुढच्या खेपेलाही तिनं हेच विचारलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मग मी परळला जाणं सोडून दिलं.