न विचारलेल्याचं ‘नाही’

रुग्णालयाच्या संगणक विभागात तिला सगळे सांधेवाली म्हणत. वॉर्डातला प्रोग्रॅम एका भाषेत लिहिलेला, स्वयंपाकघरातला भलत्याच. एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या गळी उतरवायचं, हे तिचं काम. नर्स रुग्णाला विचारायची, “खाण्यातलं काही बाधतं का?” वॉर्डाच्या प्रोग्रॅमात उत्तरं तीन: हो, नाही, किंवा अजून विचारलंच नाही. स्वयंपाकघराच्या प्रोग्रॅमला हो आणि नाही एवढंच कळे. म्हणून ‘विचारलं नाही’ आलं की ताटच अडवायचं, अशी तजवीज तिने केली होती.

ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली आणि मागे साहेबाने ती तजवीज काढून टाकायला लावली. ताटं अडकतात, वरून फोन येतात. त्यापेक्षा ‘विचारलं नाही’ म्हणजे ‘नाही’ धरा. झालं!

ती कामावर परतली त्याच दुपारी एका म्हाताऱ्या सुताराला शेंगदाणे घातलेली भाजी गेली. ओठ सुजले, श्वास कोंडला. डॉक्टर धावले म्हणून वाचला.

बैठकीत साहेब चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, “आचाऱ्याला डोळे नाहीत?”

आचारी मान खाली घालून उभा. पडद्यावरचं ‘नाही’ त्याने वाचलं होतं, बिचाऱ्याने आणखी काय बघायचं?

“साहेब, ते ‘नाही’ तुम्ही लिहायला लावलंत,” सांधेवाली म्हणाली.

“अगं, शब्दाचा कीस कशाला पाडतेस? म्हातारा वाचला ना?”

बिस्किटाचा भिजका तुकडा त्याच्या मिशीत अडकला होता. बाकीचे त्याच्याकडे बघून लाळघोटं हसले.

आचाऱ्याला भांडी घासायला बसवलं. तिने जागेवर जाऊन ताटं अडवणारी तजवीज परत घातली आणि तडक मोठ्या डॉक्टरीणबाईंना गाठून काय घडलं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताटं धडाधड अडकली. नर्सा बोटं मोडत खाटोखाटी फिरल्या. तेव्हा कळलं, एका बाळंतिणीला अंडं चालत नव्हतं. तिलाही कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी आचाऱ्याला चुलीपाशी परत आणलं. साहेबाचा मात्र केसही वाकडा झाला नाही. उलट पुढच्या बैठकीत तोच छाती फुगवून सांगू लागला, “ताट अडवायची कल्पना माझीच.”

टाळ्या पडल्या. सांधेवाली उठली, बाहेर बेसिनपाशी जाऊन थुंकली, चूळ भरली आणि आपल्या जागेवर जाऊन कामाला लागली.