दाभणकाकांचं हरवलेलं भोक

आमच्या पाईपलाईनवर दाभणकाकांना सगळे वचकून असत, आणि दाभणकाका कोणालाही अरे-तुरे करत नसत. मला ‘अहो’, मुकादमाला ‘अहो’, आणि कोटिंगमध्ये सापडलेल्या भोकालाही ‘अहो’. पाईपाखाली आडवं होऊन, हातातला छोटा आरसा फिरवत ते म्हणायचे, “हे बघा, एक महाशय इथे लपून बसलेत. या, बाहेर या.”

आधी काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जमिनीखालून गॅस नेणारी ती लाईन. बारा-बारा मीटरचे पाईप खंदकाच्या कडेला लाकडी ओंडक्यांवर ठेवून एकमेकांना वेल्ड करायचे. पाईपाला कारखान्यातूनच काळं कोटिंग यायचं, जोडाची जागा तेवढी उघडी. वेल्ड पास झाला की शेकोट्या तिथे प्लॅस्टिकची बाही चढवायचा आणि ज्योतीने शेकून घट्ट बसवायचा. त्याचं नाव त्यावरूनच पडलेलं. त्याच्या मागून मी. कोटिंग कुठे खरचटलं, टोचलं असेल तिथे काळी कांडी वितळवून ठिगळ लावायचं. मोठं काम नव्हतं, पण माझा हात चांगला होता. हे मी म्हणत नाही, काका म्हणत. म्हणजे एकदा म्हणाले होते.

काका इन्स्पेक्टर. वेल्ड आणि कोटिंग दोन्ही त्यांच्याकडे. वेल्डर पाईपाच्या वरच्या अंगाचं काम उभ्याने करतो, ते देखणंच होतं. पोटाखालचं काम पाठीवर पडून करावं लागतं, ठिणग्या गळ्यात उतरतात, आणि माणूस तिथेच घाई करतो. म्हणून काका आल्या आल्या आडवे व्हायचे. “वरचं काय हो, वरचं कोणीही चांगलं करतं.” वेल्डच्या कडेला बारीक खाच दिसली की खडूने गोल. वेल्डर गुरगुरला तर उत्तर ठरलेलं, “मी चुकलं म्हणतच नाही. तुम्हीच एकदा आरशात बघा.” वेल्डर बघायचा आणि मुकाट्याने ग्राइंडर घेऊन यायचा.

इस्त्रीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. मी एकदा निरोप द्यायला गेलो तेव्हा ते नव्या बादलीचा तळ आरशात बघत होते. काकू म्हणाल्या, “तीस वर्षं झाली, यांनी त्या आरशात स्वतःचं तोंड एकदा बघितलं नाही. बघितलं असतं तर दाढी तरी नीट झाली असती.” काका म्हणाले, “बादली चांगली आहे.” काकू म्हणाल्या, “मग दुकानदाराला कळवून टाका, बिचाऱ्याला झोप लागत नसेल.”

कोटिंगची शेवटची तपासणी एका मशीनने व्हायची. पेटी खांद्यावर, तिला जोडलेली तारेची स्प्रिंग पाईपाभोवती, आणि त्या स्प्रिंगमध्ये करंट. स्प्रिंग ढकलत चालायचं. कोटिंगमध्ये सुईच्या टोकाएवढं जरी भोक असलं तरी तिथे ठिणगी उडायची आणि पेटी किंचाळायची. जरा काही उघडं दिसलं की गावभर करते, म्हणून आम्ही तिचं नाव ठेवलं होतं नणंद.

पण नणंदेवर तरी काकांचा विश्वास कुठे होता? पोती शिवायचं एक दाभण ते खिशात ठेवत. रोज पहाटे, आम्ही यायच्या आधी, ते दाभण तापवून त्या दिवशीच्या पहिल्या पाईपाला एक भोक पाडायचे. तेही डोळे मिटून. “जागा माहीत असली की डोळे लबाडी करतात,” म्हणायचे. मग सात वाजता नणंद त्या पाईपावरून जायची. किंचाळली तर शाबूत. भोकाला ठिगळ लावायचं आणि दिवस सुरू. नाही किंचाळली तर दोन तासांवरच्या गोदामातून दुसरी पेटी यायची, आणि तोवर सगळे सावलीत.

खोडी सुचली ती या सावलीपायी. सुचली शेकोट्याला, पण केली मी.

मला मुलगी होऊन बावीस दिवस झाले होते आणि मी तिला पाहिलं नव्हतं. तीन दिवसांची रजा मिळाली होती. फाट्यावरून आमच्या बाजूची गाडी आठवड्यातून दोनदाच, शनिवारी दुपारी चारला आणि मग थेट मंगळवारी. शुक्रवारी शेकोट्या म्हणाला, “उद्या अर्धा दिवस राबून घामेजलेला जाणार का पोरीपुढे? दाभणाचं भोक बुजवून टाक. नणंद गप्प, काम बंद. तू आंघोळ कर, मी झोपतो.”

शनिवारी पहाटे दव पडलं होतं. काका भोक पाडून चहाला गेले आणि मी पाईपाखाली शिरलो. भोकाची वितळून वर आलेली कड चाचपताना हाताला लागली. कांडी वितळवली, ठिगळ लावलं, आणि जीव ओतून घासून सपाट केलं. इतकं सुरेख ठिगळ मी आयुष्यात लावलं नव्हतं.

सात वाजता नणंद त्या पाईपावरून गेली. गप्प. काकांनी ती उलटी आणली. गप्प. शेकोट्याने मला कोपर मारलं. मग काकांनी स्प्रिंग उचलली आणि पाईपाच्या उघड्या लोखंडी टोकाला लावली. टक्क! पेटीने अशी किंकाळी फोडली की ओंडक्यावरचा कावळा उडाला.

हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“नणंदबाई तर ठणठणीत आहेत,” काका म्हणाले. त्यांना ते नाव माहीत होतं हेही आम्हाला तेव्हाच कळलं. “म्हणजे आमचे सकाळचे पाहुणेच कुठेतरी गेले. ते सापडल्याशिवाय हा पाईप खाली जाणार नाही.”

“आणि पाईप खाली गेल्याशिवाय,” मुकादम माझ्याकडे बघून म्हणाला, “कोणी इथून हलायचं नाही. रजावाल्यांनीसुद्धा नाही.”

सांगितलं तर नोकरी जाणार, नाही सांगितलं तर गाडी. आठ वाजेपर्यंत मी कांड्या नीट लावत बसलो. काका आरसा घेऊन पाईपाखालून सरपटत होते, त्यांच्या पाठीला चिखल लागला होता. शेवटी मीही त्यांच्या शेजारी आडवा झालो.

“काका, मी बुजवलं.”

“का?”

“आंघोळीसाठी.”

काकांनी आरसा फिरवून माझं तोंड त्यात बघितलं. मग म्हणाले, “दाखवा.”

मी दाखवायला गेलो आणि मला सापडेना! अंधारात केलेलं, डाव्या बाजूला की उजव्या, काही आठवेना. ठिगळ इतकं बेमालूम बसलं होतं की डोळ्याला दिसत नव्हतं. बोटांनी बघावं तर ठिगळांच्या चटक्यांनी माझी बोटं दगड झालेली. नऊ वाजले, दहा, अकरा. शेकोट्या दुसऱ्या बाजूने शोधत होता, पण त्याची झोप मात्र चालूच होती.

“राहू द्या ना काका,” मी रडकुंडीला येऊन म्हणालो. “इतकं चांगलं बसलंय, तर राहील की.”

“चांगलं बसलंय की नाही ते आत बघितल्यावर कळेल. बोटांनी कळत नसेल तर गाल लावा.”

“गाल?”

“गालाची कातडी मऊ असते. डोळे मिटा आणि सावकाश.”

मग मी डोळे मिटून, पाईपाला मिठी मारून, त्याच्या पोटावर गाल घासत निघालो. दर दोन फुटांवर मान वळवून दुसरा गाल. मुकादम वरून ओरडला, “अरे, बायकोला भेटायला अजून वेळ आहे, धीर धर!” खंदकातले सगळे हसले. एक वेल्डर म्हणाला, “त्याला सांगा, त्या पाईपाचं लग्न ठरलंय!” मी गाल पुढे नेला.

अडीच वाजता गालाला काहीतरी लागलं. पापणीच्या केसाएवढी कड. मी तिथेच गाल दाबून ओरडलो, “आहेत, काका, इथे आहेत!”

काकांनी बोट फिरवलं, मग आपलाही गाल लावला. “वा! हात सुरेख आहे तुमचा,” म्हणाले. “वेळ तेवढी चुकली.” दाभणाने त्यांनी ठिगळ हलकेच उचललं आणि आरसा माझ्या हातात दिला. ठिगळाखाली पाण्याचा एक थेंब होता. पहाटेचं दव. मी पुसलंच नव्हतं. वरून इतकं घासलं होतं, आणि आत पाणी कोंडून ठेवलं होतं, उघड्या लोखंडाला लागून.

“सहा महिन्यांत हे सुटलं असतं,” काका म्हणाले. “मग गंज. मग पुढे गॅस. वर कोणाचं तरी शेत असणार, घर असणार.” एवढंच. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी जागा पुसली, शेकली, पुन्हा ठिगळ लावलं. नणंद वरून गेली, गप्प. पाईप खाली उतरायला लागला तेव्हा सव्वातीन झाले होते. काकांनी रजिस्टर उघडलं. मुकादम एका खांद्यावरून बघत होता, मी दुसऱ्या. त्यांनी लिहिलं: ‘एक ठिगळ दवात लावलेलं निघालं. काढून पुन्हा लावलं. लावणाऱ्याने स्वतः येऊन सांगितलं.’

मुकादमाने ते दोनदा वाचलं. “याला हाकलायचं की नाही?”

“मी तपासणीचं लिहितो,” काका म्हणाले. “हाकलायचं काम तुमचं. पण तो थेंब कोणालाच सापडला नसता. यांनी सांगितलं म्हणून सापडला.”

मुकादमाने मान खाजवली. मग माझ्यावर डाफरला, “उभा काय राहिलास? फाटा काय चालत इकडे येणार आहे?”

मी पिशवी उचलली आणि पळत सुटलो. मागून काका हाक मारत होते, “अहो, थांबा! अहो, तुमचं तोंड...” पण मी थांबलो नाही. गाडीत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही याचं मला जरा नवल वाटलं, इतकंच.

घरी पोचलो तेव्हा बायको मुलीला मांडीवर घेऊन दारातच बसली होती. मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे वर बघितलं आणि मुलीला पदराखाली ओढलं.

“खबरदार तिला हात लावलात तर! आधी आरशात बघा.”

दोन्ही गालांवर कानापासून हनुवटीपर्यंत काळं कोटिंग आणि कांडीचा डाग होता. साबणाने निघालं नाही, रॉकेलने थोडं निघालं, बाकीचं बाळंतपणाला आलेल्या सासूबाईंनी विटेच्या तुकड्याने काढायला सुरुवात केली. मी ओरडत होतो, आणि माझी मुलगी, जिला मी पहिल्यांदाच बघत होतो, आईच्या मांडीवरून माझं ते सोलून निघणारं तोंड टक लावून बघत होती.