ज्वालामुखीवर रागावलेला माणूस

साऱ्या कतारमध्ये ज्वालामुखीशी वैयक्तिक वैर असलेला एकच माणूस होता, आणि तो माझ्या बायकोच्या मैत्रिणीचा नवरा होता. या देशात ज्वालामुखी सोडाच, धड टेकडी नाही. पण गृहस्थ मूळचे नाशिकचे आणि सत्तावीस वर्षं इथल्या एका गॅस प्लांटवर सेफ्टी इंजिनियर. म्हणजे दिसत नसलेला धोका शोधून काढायचाच त्यांना पगार. आमच्याकडे गणपतीच्या आरतीला ते कापूर आणि पडदा यांच्या मधोमध उभे राहत. टाळ्या वाजवत नसत; हात मोकळे हवेत म्हणून. हॉटेलात शिरलं की मेनूकार्डाआधी बाहेर पडायचे दरवाजे मोजत, आणि एकच निघाला तर सूपसुद्धा न पिता उठत. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला होता. समुद्राकाठी उलटे दिवस मोजणारं भलंमोठं घड्याळ उभं राहिलं होतं आणि लोक त्याच्यापुढे सहकुटुंब फोटो काढत होते, जणू वेळ ही वस्तू कतारात नुकतीच आली होती. यांनी त्या घड्याळाकडे एकदाच पाहिलं आणि मला म्हणाले, "अहो, वारा सुटला तर हे कुठल्या बाजूला पडेल?"

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं काय करावं? मातीचा अभ्यास करायला ती जावा बेटावर गेली आणि जागृत ज्वालामुखीच्या पायथ्याशी मिरची पिकवणाऱ्या एका तरुणाशी लग्न करून तिथंच राहिली. जावयाचा धर्म, भाषा, उत्पन्न यांबद्दल गृहस्थांनी चकार शब्द काढला नाही. त्यांचा आक्षेप फक्त त्याच्या पत्त्यावर होता.

"रोज सकाळी धूर सोडतो तो डोंगर," ते संतापून सांगत. "आमच्या प्लांटवर एवढा धूर निघाला तर आम्ही अर्धा देश रिकामा करू. आणि ही माणसं त्याच्याकडे पाठ करून मिरच्या खुडतात."

मी म्हणे, राखेमुळे जमीन कसदार होते, पीक जोमानं येतं.

"खायला माणूस उरला पाहिजे ना."

"बापजाद्यांची जमीन आहे. सोडून जाणार कुठं?"

"कुठं म्हणजे? आपण नाही आलो?"

एकदा मी चिडून सांगितलं, की तुमचं नाशिकही लाव्ह्यावरच वसलंय. ती काळी माती, ती द्राक्षं, सगळी त्याचीच कृपा. ते शांतपणे म्हणाले, "तो विझलाय. विझलेल्यांविरुद्ध माझी काही तक्रार नाही."

मग मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम गृहस्थांना एकदम आठवला. एरवी रीतिरिवाजांची ते टर उडवत, पण या रिवाजात त्यांना चक्क सेफ्टी दिसली. मुलगी नको म्हणाली. दुसरा बाप रडला असता किंवा भांडला असता. यांनी तिला प्लांटवरचा रिस्क असेसमेंटचा फॉर्म भरून पाठवला. धोका: ज्वालामुखी. शक्यता: पाचपैकी चार. परिणाम: पाचपैकी पाच. उपाय: ताबडतोब दोह्याला येणे.

आठवड्यानं तसाच एक फॉर्म तिनं दोह्यातल्या अल सद्द भागातल्या त्यांच्या फ्लॅटसाठी भरून पाठवला. धोका: पन्नास अंश उन्हाळा. धोका: प्यायचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, तेही गॅस जाळून. धोका: बाबांची नोकरी संपली की देश सोडावा लागतो, शक्यता पाचपैकी पाच. उपायाचा रकाना रिकामा. शेवटची ओळ अशी: 'मदिनत खलीफा वस्तीतलं, मी वाढले ते आपलं घर पाडलं. माझं माहेर तेच होतं. हा धोका नाही, झालेली घटना आहे.' एरवी बापाला इंग्रजीतच उत्तर देणाऱ्या या मुलीनं खाली मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं होतं, 'बाबा, इथली माणसं इथे राहतात. तुम्ही तिथे असता.'

हे आम्हा सगळ्यांनाच झोंबणारं होतं. आखातातला मराठी माणूस 'मी कतारला राहतो' असं म्हणतच नाही. 'सध्या कतारला असतो' म्हणतो, आणि ते 'सध्या' निवृत्तीपर्यंत पुरवतो. गृहस्थ पंधरा दिवस धुमसत होते. "काय चुकीचं लिहिलंय तिनं, ते दाखवा," असं ते मलाच दरडावत, जणू फॉर्म मी भरला होता. शेवटी वहिनींनी स्वतःचं तिकीट काढलं, तेव्हा हेही निघाले. बाळंतपणासाठी नव्हे, म्हणाले, इन्स्पेक्शनसाठी.

महिन्यानं एकटेच परतले. नात झाली होती; वहिनी तिथंच थांबल्या होत्या. अल सद्दच्या मेट्रो स्टेशनबाहेर भेटले. डोंगराला चार शिव्या ऐकायच्या तयारीनं मी विचारलं, "फार भीती वाटली का हो?"

"वाटली. पहिले चार दिवस झोपलो नाही." मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "पाचव्या दिवशी सकाळी इतके ढग होते की डोंगरच दिसेना. ना धूर, ना काही. मुलगी निवांत अंगण झाडत होती. मी आपला तीनदा बाहेर जाऊन पाहून आलो."

"कशाला?"

"काय माहीत. तो दिसला पाहिजे असं वाटत होतं." चष्मा चढवून त्यांनी समोरच्या नव्याकोऱ्या इमारतींच्या रांगेकडे पाहिलं. "इथं एवढी वर्षं काढली, पण एखादी गोष्ट जागेवर आहे ना, हे पाहायला एकदाही बाहेर आलो नाही."