उष्ट्या ताटाचे फोटो

बोईसरच्या एका हॉटेलच्या मेन्यूकार्डसाठी मी पनीरवर ब्रशनं तेल लावत होते, तेव्हा माधुरीच्या भावाचा फोन आला. "सुजाताताई, आपली माधुरी गेली…" एवढंच तो बोलला. मी फोन ठेवला आणि पुन्हा तेल लावायला लागले. तुकडे तेलानं निथळायला लागले तरी हात थांबेना. महिना उलटला, अजूनही हातांना काही स्वस्थता नाही.

आम्ही दोघी पदार्थांचे फोटो काढायचो. ती जवळच्या पाम गावातल्या बागायतदार घरातली, मी वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेली. माझा फोटो चकचकीत. भाजी अर्धकच्ची ठेवायची, म्हणजे रंग टिकतो; वाफ हवी असेल तर मागे उदबत्ती लावायची. माधुरीच्या फोटोत मात्र कुणीतरी नुकतंच जेवून उठलेलं असायचं. मोडलेली भाकरी, ताटाच्या कडेला काढून ठेवलेले काटे, रश्श्यात बोटांनी ओढलेली रेघ… हे तिला सातपाटीत सापडलं. वाळत घातलेल्या बोंबलांचे फोटो काढून झाल्यावर एका मावशींनी आम्हाला घरी नेऊन कालवण वाढलं. माधुरी स्टुलावर चढून वरून नेम धरत बसली. मावशी वैतागल्या. "पोरी, आदी खा गं. निवलं का मंग फोटू कशाचा काढशील?" ती उतरली, पोटभर जेवली आणि त्या उष्ट्या ताटाचाच फोटो काढला. त्यानंतर चाखल्याशिवाय तिनं कॅमेरा उचलला नाही. "मॅडम, ये तो जूठा लग रहा है," एक हॉटेलमालक म्हणाला. "अच्छा था, इसलिए खाया," म्हणत तिनं सामान आवरलं. अशी कामं हातची जायची. तिला फरक पडत नव्हता, मला पडायचा. परतताना रिक्षात मीच चडफडत बसायचे.

गेल्या वर्षी तिला घशाचा कॅन्सर निघाला. उपचारांत चवच गेली. "सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं गं," म्हणायची. कॅमेरा कपाटात गेला. मग एक दिवस तिनं मला पामला बोलावलं. काकूंनी, तिच्या आईनं, कैरी घालून कोलंबी केली होती. माधुरीनं मला ताटासमोर बसवलं. "तू खा, मला सांग."

"मस्त झालीये."

"मस्त नको सांगूस. जिभेवर कुठं, काय होतंय ते सांग."

मी चाचरत सांगू लागले. आधी नारळाचा गोडवा, मग गालांच्या आत झिणझिण्या आणणारा आंबटपणा, मग तिखट… माझे डोळे पाणावले आणि पुढच्या घासाकडे हात गेला, तेवढ्यात तिनं बटण दाबलं. फोटोत कोलंबी जेमतेम दिसते. दिसतात ती माझी अधीर, हललेली बोटं. मी असा फोटो पुसून टाकला असता. पुढे तिनं घरातल्या, शेजारच्या सगळ्यांचे असेच हात टिपले, खिडकीचा उजेड हातांवर पडावा म्हणून सगळ्यांना टेबलाच्या एकाच बाजूला बसवून. कॅमेरा पेलेना, तेव्हा भावाच्या खांद्यावर टेकवून. ते फोटो मला एका जागी बसून बघताच येत नाहीत. उठते, फिरते, पुन्हा बघते.

परवा पामला गेले. काकू, काका आणि भाऊ जेवायला बसले होते. टेबलाच्या एकाच बाजूला तिघं दाटीनं बसलेली, समोरची, खिडकीकडची बाजू मोकळी. मी तिथं खुर्ची ओढली.

"तिकडं नको बसू गं," काकू पटकन म्हणाल्या, "उजेड अडतो…"

भाऊ जरासा सरकला. मी खुर्ची उचलली आणि त्यांच्या बाजूला, कोपराला कोपर लावून बसले.