पुराव्याची पेटी

यंदाच्या हंगामात बांगलादेश सीमेवरचं नाकं अचानक बंद झालं आणि जतहून गेलेला द्राक्षांचा ट्रक तिथंच अडकला. त्या ट्रकचा ड्रायव्हर मला जत स्टँडबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटला. वय पन्नाशीचं, डोळे लाल, मांडीवर द्राक्षांची एक पेटी. बोलताना तो सारखा तिचं झाकण चाचपत होता. आतून आंबूस वास येत होता.

“पलीकडं त्यांची रिकामी गाडी, अलीकडं माजी भरलेली. माल हिकडनं तिकडं टाकायचा, एवढंच ऱ्हायलं हुतं. आमी दोगं ड्रायव्हर गेटातनं एकमेकाकडं बगत बसलो. सगळा माल नासला.”

“मग ही पेटी कशाला आणलीत?” मी विचारलं.

“मालकाला दाखवाय. न्हाईतर म्हनंल, वाटंतच इकला.”

टपरीवाला हसला. “कोन रं गड्या एवढा खवट मालक?”

“थोरला भाऊ. सख्खा.”

टपरीवाल्याची किटली हातातच राहिली.

थोड्या वेळाने भाऊ मोटारसायकलवरून आला. पेटी उघडून त्याने तळापर्यंत हात घातला आणि काळा पडलेला प्रत्येक घड उलटून पाहिला. मग मोबाइल काढून फोटो घेतला. धाकट्याने पुढे केलेला चहा त्याने घेतला नाही.