गाणं सोडलेला हिरो आणि माझे बाबा

माझ्या बाबांनी आयुष्यात एकाच माणसावर मनापासून राग धरला, आणि तो माणूस हॉलिवूडचा होता. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत नागपूरला सकाळच्या खेळाला जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. त्यातल्या एका गाणाऱ्या हिरोवर बाबा फिदा होते. गुळगुळीत चेहरा, चापूनचोपून बसवलेले केस. नायिका रुसली की गाणं, होडीत बसली की गाणं, काही कारण नसलं तरी गाणं. बाबांना शब्द निम्मेसुद्धा कळत नसत, पण चाली पाठ. पुढे त्या हिरोला स्वतःचाच कंटाळा आला. गंभीर भूमिका द्या म्हणून तो स्टुडिओवाल्यांच्या मागे लागला, ते देईनात, हा हट्ट सोडेना. शेवटी एका काळोख्या सिनेमात तो दाढीचे खुंट वाढवून, मार खात, एक ओळही न गाता वावरला. बाबा मध्यंतरातच उठून घरी आले. "गळा असून गात नाही म्हणजे माज आहे," असं ते सांगायचे, आणि सांगताना माझ्याकडे बघायचे.

कारण मलाही गळा होता, आणि मलाही नाटकात काम करायचं होतं. कॉलेजच्या एकांकिकेत मला मुख्य भूमिका मिळाली, तेव्हा बाबांनी बरोबर तालमीच्याच वेळेला माझी गाण्याची शिकवणी लावून दिली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ही त्यांची पद्धत. नको असलेल्या गोष्टीला ते कधी नाही म्हणत नाहीत, तिच्या जागी दुसरी छान गोष्ट आणून ठेवतात, आणि मग आपणच कृतघ्न ठरतो. एकांकिका दुसऱ्या मुलीने केली.

घरी गाण्याच्या बैठका तर माझ्या लहानपणापासून व्हायच्याच. बाबा समोर पहिल्या सतरंजीवर. मी शब्द विसरले की ते हळूच ओळ उचलून द्यायचे आणि मी ती धरून पुढे जायची. पाहुण्यांना याचं भारी कौतुक. बापलेकीचं किती जमतं बघा, म्हणायचे.

आयर्लंडला आले तरी गाण्याने पिच्छा सोडला नाही. राहते राजधानीलगतच्या स्वोर्ड्सला, नोकरी जवळच सँट्रीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि दरवर्षी गणपतीत इथल्या मराठी मंडळाला माझी आठवण येते. पडदा अडकला, ढकला ताईला स्टेजवर. पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले, ताई दोन गाणी म्हणतील. नाटकाच्या मीटिंगला मात्र मला कुणी बोलवत नसे. एकदा आपणहून गेले, तर माझ्या हातात नांदीचा कागद ठेवला.

नवरा घर सोडून दुसऱ्या शहरात, कॉर्कला गेला त्या हिवाळ्यात मी टीव्हीवर दुपारचे जुने सिनेमे बघायला लागले. ऑफिसात कुणी "कशी आहेस?" विचारलं की इथल्या रीतीप्रमाणे "ग्रँड", म्हणजे मजेत, म्हणायचं, आणि शनिवारी पांघरूण घेऊन सोफ्यावर पडायचं. तिथे बाबांचा तो हिरो भेटला. आधी गाणारा, मग काही आठवड्यांनी न गाणारा. आणि मला रागच आला बाबांचा. अहो, काय नट होता तो माणूस. एक वाईट बातमी ऐकून तो खुर्चीच्या कडेवर नुसता बसतो, हॅट हातात फिरवत, आणि आपल्याला पाणी प्यायला उठवत नाही. इतकी वर्षं याला होडीत बसवून ठेवला होता. हा काय माज आहे?

नवऱ्याचं बाबांना सांगितलं नव्हतं. आई गेल्यावर ते एकटे, त्यांना कशाला, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तोंड उघडत नव्हतं. उन्हाळ्यात ते माझ्याकडे राहायला आले तेव्हा सांगितलं, तो प्रोजेक्टसाठी जर्मनीला आहे. बेडरूममधल्या कपाटाची, इथल्या भाषेत प्रेसची, एक बाजू रिकामी होती. बाबांनी ती उघडून बघितली आणि आपले शर्ट तिथे नीट रचून ठेवले. विचारलं काहीच नाही.

एका शनिवारी मी त्यांना तो न गाणारा सिनेमा पूर्ण बघायला बसवलं. एकदा बघा तरी, म्हटलं. बाबा चहाचा कप घेऊन बसले आणि शेवटपर्यंत गाण्याची वाट बघत राहिले. "आता म्हणेल." मग, "आता येऊन राहिलं बघ गाणं." हिरोने गोळी खाल्ली तरी त्यांना आशा होती. नावं वर सरकायला लागली तेव्हा म्हणाले, "काहून नाही गायला, बाप्पा?"

"त्याला जे सांगायचं होतं ते गाण्यात बसत नव्हतं, बाबा."

"बसवायचं," ते म्हणाले, आणि कप विसळायला गेले.

त्या वर्षी मंडळाची एकांकिका पुण्याच्या एका मुलाने लिहिली होती, दिग्दर्शकही तोच. भारतातून भेटायला आलेली आई आणि इथे राहणारी मुलगी, एवढंच. मुलीची भूमिका मी मागितली. तो चाचरला. "ताई, पण तुम्ही तर गाता ना." म्हटलं, यंदा नाही गात. मग त्याने सुचवलं की मुलगी भांडी घासताना काहीतरी गुणगुणू शकते. मी म्हटलं, एक ओळ जरी घातलीस तरी दुसरी बघ. बिचाऱ्याला दुसरी मिळाली नसावी.

शेवटचा प्रसंग असा होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी आई विचारते, "तुझं इथे बरं चाललंय ना?" मुलगी बराच वेळ गप्प राहते. मग म्हणते, "नाही." आणि पडदा. दिग्दर्शक सांगायचा, ताई, शांतता धरून ठेवा, लोकांना अस्वस्थ होऊ द्या. मी घरी स्वयंपाकघरात रोज तालीम करायची. आईचं वाक्य स्वतःच म्हणायची, गप्प राहायची, मग "नाही". बाबा टेबलाशी लसूण सोलत बसलेले असायचे. मान वर करत नसत.

आडपडदा कशाला ठेवू? तो "नाही" मला बाबांनाच ऐकवायचा होता. घरात जे बोलता येत नव्हतं ते दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्यात बोलून टाकायचं. आणि त्यांना दाखवायचंही होतं की त्यांच्या लेकीला हे येतं, पहिल्यापासून येत होतं. दोन्ही एकाच शब्दात उरकणार होतं. त्यांना पहिल्या रांगेतली खुर्ची मिळावी म्हणून मी मंडळाच्या लोकांशी भांडले.

प्रयोग रविवारी दुपारी क्लोनडॉकिनच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मागे आरतीची ताटं, मोदकांचे डबे, पोरांच्या हातात चिप्सची पाकिटं. नाटक बरं चाललं. लोक हसायचे तिथे हसले. शेवटचा प्रसंग आला. आईचं काम करणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुझं इथे बरं चाललंय ना?" आणि मी गप्प झाले.

ती शांतता मी अजून विसरलेले नाही. हॉल हळूहळू थंड होत गेला. पोरांची पाकिटं वाजायची थांबली. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. मला काही करावं लागत नव्हतं, सगळं आपोआप वर येत होतं. मला कळत होतं की आपण हे करतोय, उत्तम करतोय, आणि बाबा बघतायत. मी श्वास घेतला.

आणि पहिल्या रांगेतून बाबांचा आवाज आला. हळू, स्वच्छ, सुरात. माझ्या लहानपणच्या बैठकीत पहिला व्हायचा त्या अभंगाची ओळ. ते मला ओळ देत होते.

लोकांना वाटलं नाटकातच आहे. कुणीतरी "वाह" म्हणालं. दुसऱ्या ओळीला टाळ्यांचा ठेका सुरू झाला, तिसऱ्या ओळीला अख्खा हॉल गात होता, आणि स्टेजवरच्या आईबाईसुद्धा डोळे मिटून त्यात मिसळल्या. मी उभी. तोंड उघडलं असतं तरी तो शब्द कुणाला ऐकू गेला नसता. अभंग संपला, मागून "वन्स मोअर" आलं, आणि पडदा ओढणाऱ्याने पडदा ओढला.

मग कौतुकाला ऊत. वडिलांना प्रेक्षकांत बसवायची कल्पना कुणाची, अंगावर काटा आला, किती पॉझिटिव्ह शेवट. दिग्दर्शक आधी पांढरा पडला होता. चार लोकांनी पाठ थोपटल्यावर तो म्हणायला लागला की हा प्रयोगच होता, फॉर्म मोडायचा होता त्याला. बाबांच्या पाया पडायला रांग लागली. ते सगळ्यांना सांगत होते, "लहानपणापासून असंच आहे आमचं. ती अडकली की मी ओळ देतो." मला मोदक खिलवत होते लोक. मी खाल्लेसुद्धा.

गाडी मी चालवत होते. एम फिफ्टी हायवेला लागल्यावर म्हटलं, "मी विसरले नव्हते, बाबा. ती शांतता लिहिलेली होती."

"माहीत आहे मला."

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही.

"रोज ऐकून राहिलो होतो ना मी, लसूण सोलताना," ते म्हणाले. "पुढे काय म्हणायचंय तुला तेही माहीत होतं." ते समोरच्या गाड्यांकडे बघत होते. "पण आज तू नाटक करून राहिली नव्हती. लोकांसमोर नको वाटलं मला."

म्हणजे हॉलमध्ये एवढी माणसं होती, आणि माझा अभिनय फक्त याच माणसाला कळला होता. आणि यानेच तो बंद पाडला. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. आवाज चढला माझा.

"मग आता विचारा. आता लोक नाहीत. गाडीत आपण दोघंच आहोत, बाबा. विचारा मला."

बाबांनी पुढे वाकून रेडिओच्या बटणाकडे हात नेला. नव्या गाडीत त्यांना ते सापडेना. बोटं एकेका बटणावरून फिरत राहिली, काचेवरचा हवेचा झोत चालू झाला, बंद झाला.

रेडिओ मीच लावून दिला.