लाल फडकं बांधलेला माड

तारीख १४ मे १९९६. रक्कम सहा हजार बात, म्हणजे त्या वेळचे साधारण साडेआठ हजार रुपये. हजर माणसं चार: मी, माझी बायको, स्कूटर भाड्यानं देणारा दुकानदार आणि जिच्या टपरीवर आम्ही आठ दिवस दोन्ही वेळ जेवलो ती बाई. ठिकाण थायलंडमधलं एक बेट. सकाळचे साडेनऊ वाजले होते. अकराला आमची बोट होती, दुसऱ्या दिवशी बँकॉकहून मद्रासचं विमान होतं, आणि माझा पासपोर्ट दुकानदाराच्या टेबलाच्या खणात होता.

बंगळूरहून निघताना बायकोनं दोन किलो दाण्याचं कूट बरोबर घेतलं होतं. "तिथं सगळ्यात मासे घालतात म्हणे," ती म्हणाली होती. ते खरं निघालं. पहिल्या दिवशी तिनं नुसता भात आणि कूट खाल्लं. टपरीवाल्या बाईनं ते पाहिलं, चिमूटभर तोंडात टाकलं आणि स्वतःच्या मागच्या फळीवरचा भाजलेल्या दाण्यांचा डबा काढून दाखवला. मग चिंच, गूळ, ओलं खोबरं. बायको एकेका डब्याकडे बघून मान हलवत गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या बाईनं आमच्यासाठी एक कढई वेगळी ठेवली. कढईच्या कानाला निळी चिंधी बांधली, म्हणजे चुकून माशाचं पाणी पडायला नको.

भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती. मोठ्या बहिणीला तिकडे 'पी' म्हणतात एवढं आम्हाला कळलं. बायकोनं आपल्या बंगळुरी सवयीनं तिला 'अक्का' शिकवलं. मग ही तिला पी म्हणायची, ती हिला अक्का.

मी पासपोर्ट तारण ठेवून स्कूटर घेतली तेव्हा दुकानदाराकडून रीतसर कागद करून घेतला होता. गाडीवर आधीपासून असलेले सात ओरखडे मोजून त्यात लिहायला लावले होते. तो कंटाळून म्हणाला होता, "मिस्टर, तुम्ही गाडी विकत घेताय का?"

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही निरोप घ्यायला पीच्या टपरीवर गेलो. ऊन चढलं होतं. आम्ही बंगळूरची माणसं, गाडी लावायची म्हटलं की आधी सावली शोधणार. टपरीमागे माडांची रांग होती आणि त्यातल्या एका माडाच्या बुंध्याला लाल फडकं बांधलेलं होतं. आपल्याकडे झाडाला लाल कापड दिसलं की ते देवाचं झाड. मी मनात म्हटलं, इथं गाडीला कोण हात लावणार? चपला काढून नमस्कार केला आणि गाडी त्याच माडाखाली उभी केली.

ते फडकं पीच्या भावानं बांधलं होतं. त्याच्याकडे नारळ पाडायला शिकवलेलं माकड होतं, आणि आज कुठल्या माडावर माकड चढणार हे लोकांना कळावं म्हणून तो तसं फडकं बांधायचा. बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असणार. आमचा चहा संपण्याआधी आवाज झाला. दिवा फुटला, वेगाची तबकडी फुटली, पुढचा पत्रा आत गेला.

गाडी ढकलत दुकानावर नेली, पीही बरोबर आली. दुकानदारानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि माझाच कागद पुढे केला. "सात ओरखडे. नारळ इथं लिहिलेला नाही." आणि पाटीवर आकडा लिहिला: ६०००.

आमच्याकडे सव्वीसशे बात उरले होते. बोट, बस आणि एका रात्रीची खोली यांना सहाशे लागणार होते. मी दोन हजार टेबलावर ठेवले. तो म्हणाला, बाकीचे आणा आणि पासपोर्ट न्या. मी म्हटलं, घरी जाऊन पाठवतो. तो हसला. बायको हळूच म्हणाली, "अहो, मुलं बेळगावला आईकडे आहेत. तिला काय सांगायचं?" मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं.

तेवढ्यात पी त्याच्याशी बोलायला लागली. दोघांचा आवाज चढला, मग एकदम उतरला, मग दुकानदार हसला आणि तीही हसली. मला ते हसणं आवडलं नाही. दोघांचं आधीच ठरलेलं दिसतंय, असं वाटलं. पीनं गळ्यातली सोन्याची साखळी काढून टेबलावर ठेवली. तोळाभराहून जास्तच असावी. दुकानदारानं ती तळहातावर तोलली, एक बोट वर केलं, "वन मंथ," म्हणाला आणि खणातून पासपोर्ट काढून दिला. महिन्यात चार हजार आले नाहीत तर साखळी त्याची.

आम्ही धावतच धक्क्यावर गेलो. बोट सुटल्यावर मी बायकोला म्हटलं, "साखळी खोटी असेल. त्याच्याकडून तिला काहीतरी मिळत असेल."

ती म्हणाली, "स्कूटरचे सात ओरखडे लिहून घेतलेत ना? तिचं नाव काय?"

मला ते माहीत नव्हतं. बायकोलाही नाही.

बंगळूरला आल्यावर दुसऱ्याच दिवशी बँकेत गेलो. परदेशात पैसे पाठवायचे म्हणजे तेव्हा सोपं काम नव्हतं. अधिकारी ओळखीचा होता, तरी त्यानं फॉर्म पुढे सरकवला. "सार, पैसे कुणाला?"

"एका बाईंना. पी."

"पी इनिशियल झालं. पुढे?"

"पुढे माहीत नाही."

"नातं?"

मी म्हटलं, "हिची बहीण."

त्यानं पेन खाली ठेवलं. "बहिणीचं नाव माहीत नाही? घरी स्वल्प विचारून या, सार."

माझ्याकडे त्या बेटावरचा एकच कागद होता, स्कूटरचा. त्यावर दुकानाचं नाव, पत्ता आणि फोन छापलेला होता. बंगळूरच्याच शिवाजीनगर बसस्टँडजवळच्या बूथवरून मी तीन वेळा फोन लावला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा एक बाई त्यांच्या भाषेत बोलत राहिली आणि मी "चेन, चेन, इंडियन" म्हणत राहिलो. समोर मीटरचे लाल आकडे धावत होते. एकशे ऐंशी रुपयांना फोन तुटला. तो दिवस होता ३१ मे.

म्हणजे ड्राफ्ट काढायचा तर दुकानदाराच्याच नावानं. ज्याच्याकडे साखळी होती त्यालाच पैसे पाठवायचे. तो म्हणू शकला असता की काहीच आलं नाही. घरी यावर दोन दिवस बोलणं चाललं. मी म्हणत होतो, पोचपावतीची सोय नाही. शेवटी बायको म्हणाली, "तिनं कुठली पोचपावती मागितली होती तुमच्याकडे?"

तीन जूनला फॉर्म भरला. कागद वर गेले, खाली आले, एक सही राहिली म्हणून पुन्हा वर गेले. सहा तारखेला ड्राफ्ट हातात पडला आणि तासाभरात मी तो रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला. सोबत इंग्रजीत एक ओळ लिहिली: साखळी तिला द्या. चौदा जून आला आणि गेला. त्या दिवशी बायको स्वयंपाकघरात भांडी जरा जोरानंच ठेवत होती. जून संपला. मी पोस्टमनला विचारणं सोडलं.

नऊ जुलैला पाकीट आलं. आत चार हजारांची पावती होती, १३ जूनची. खाली दुकानदारानं लिहिलं होतं: सात ओरखडे तसेच आहेत. आणि एक फोटो. पी टपरीपुढे उभी होती, हातात निळी चिंधी बांधलेली कढई, गळ्यात साखळी. फोटोच्या मागे तिनं आपलं नाव लिहून पाठवलं होतं, थाई अक्षरांत. ते मला अजून वाचता येत नाही.

स्कूटरवाल्याला जागेवर दोन हजार बात दिले. मागाहून चार हजार, त्याचे एकशे साठ डॉलर झाले, म्हणजे पाच हजार सहाशे चाळीस रुपये, बँकेचं कमिशन पंचाहत्तर वेगळं. पीनं आमच्याकडून एवढंच घेतलं: बायकोनं जुलैअखेर पार्सलनं पाठवलेलं एक किलो दाण्याचं कूट. पार्सलावर तिचं नाव फोटोमागून बघून मी चित्रासारखं काढलं होतं.